एक पडदा, अनेक रकाने

पंचांगाचे पान ज्यांनी कधी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे त्या पानावर शेजारशेजारच्या रकान्यांत मांडलेली असतात. परंतु त्यांची चाल एकसारखी नसते. वार सूर्योदयाबरोबर पालटतो, त्यात कधी खळ पडत नाही. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतराची १२ अंशांची वाढ. चंद्र कधी लगबगीने चालतो, कधी रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी सुमारे २० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांच्याही पलीकडे लांबते. करण तिथीच्या निम्मे. नक्षत्र एकट्या चंद्राच्या चालीवर अवलंबून, तर योग सूर्य आणि चंद्र या दोघांच्या भोगांच्या बेरजेवर. पाच निरनिराळी गणिते, निरनिराळे वेग, आणि ती सगळी एका ओळीत बसवावयाची! पंचांगकर्त्यांनी यासाठी जी तोड काढली ती मोठी साधी आहे. त्या दिवशीच्या सूर्योदयाला जे अंग चालू असेल ते त्या ओळीत लिहावयाचे आणि ते केव्हा संपते ती वेळ त्याच्यापुढे मांडावयाची. ओळ सूर्योदयाची, रकाने ज्याचे त्याचे.

व्यापाऱ्याच्या कीर्दीचे पान याहून वेगळे. तेही उभे दुभंगलेले असते, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. परंतु डावीकडची तिसरी रक्कम आणि उजवीकडची तिसरी रक्कम यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसतो. एक गिऱ्हाइकाकडून आलेली उधारी असेल, दुसरी गाडीवानाला दिलेली मजुरी. दोन्ही बाजू आपापल्या गतीने खाली उतरत जातात. त्यांना बांधून ठेवतात ते वरचा मितीचा मथळा आणि खालची शिलकेची ओळ, एवढेच.

शेजारी शेजारी मांडण्याच्या या दोन रीती. एकीत ओळ बोलते, दुसरीत रकाना बोलतो. बंगळूर शहरात संगणकावर काम करणारी हजारो माणसे रोज ज्या एका बारीकशा प्रश्नाला तोंड देतात, तो प्रश्न या दोन रीतींतील फरकाचाच आहे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी माणसाला हे शहर तसे जुने ठाऊक. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली तेथे गेली, १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने तेथे आपले केंद्र उघडले, आणि मराठी तरुणांची बंगळुरास जाणारी वाट पुढे रुळत गेली. त्या वाटेने गेलेल्यांपैकी पुष्कळांचा दिवस एका काळ्या पडद्यासमोर जातो. त्यावर चित्रे नसतात, बटणे नसतात. एकेका ओळीची आज्ञा टंकावयाची आणि संगणकाचे उत्तर अक्षरांतच वाचावयाचे. या पडद्याला टर्मिनल म्हणतात आणि या रीतीला कमांड लाइन. आता एकाच वेळी तीन प्रोग्रॅम चालू आहेत, तिघेही सारखे काहीतरी लिहीत आहेत, आणि पाहणारा एकटा आहे. तिघांचे लिहिणे एका पडद्यावर शेजारी शेजारी कसे आणावे?

वरवर पाहता यात अवघड असे काही दिसत नाही. पडद्यावर दोन उभ्या रेघा माराव्या, झाले. परंतु टर्मिनलचे कूळ शोधू गेल्यास अडचण कोठे आहे ते कळते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडविण्यास आरंभ केला, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे तारघरात असे तसला टेलिप्रिंटर होता. तो कागदाच्या गुंडाळीवर छापत असे. कागद वर सरकतो, ओळ खाली उमटते. एकदा उमटलेली ओळ परत घेता येत नाही, आणि तिच्या शेजारी दुसऱ्याने येऊन काही लिहावे ही सोय मुळातच नाही. कागदाला एकच दिशा होती. त्यामुळे प्रोग्रॅमांनाही एकच दिशा ठाऊक झाली: लिहावे आणि खाली उतरावे. पुढे कागद गेला, काच आली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने काढलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर अक्षर हवे त्या जागी नेऊन ठेवता येऊ लागले, पडद्याचा ठरावीक पट्टाच तेवढा सरकविता येऊ लागला. तरीही बहुतेक प्रोग्रॅम आपण कागदावरच लिहीत आहोत अशा समजुतीने आजही लिहीत असतात. जुन्या वाड्यात वाढलेला माणूस नव्या घरातही उंबऱ्याच्या जागी पाय उचलतो, तसे हे आहे.

रुंदीची गोष्टही अशीच वारशाने आलेली. टर्मिनलच्या ओळीत ८० अक्षरे मावतात हा संकेत आयबीएम कंपनीच्या १९२८ सालच्या भोके पाडलेल्या कार्डापासून चालत आला, कारण त्या कार्डावर ८० उभे स्तंभ होते. ८० चे दोन भाग करून मध्ये एक रेघ मारली की एका बाजूस ४० आणि दुसरीस ३९ अक्षरे उरतात. तीन भाग केले तर प्रत्येकास २६. दिनांक आणि वेळ लिहिण्यातच १९ अक्षरे खर्च होतात. राहिलेल्या सात अक्षरांत कोणता प्रोग्रॅम काय सांगणार? आजचे पडदे पुष्कळ रुंद झाले आहेत हे खरे, परंतु रकाने वाढविण्याची हौसही त्याच प्रमाणात वाढली आहे.

युनिक्सच्या कर्त्यांना अनेक प्रोग्रॅम एकत्र आणण्याची कल्पना अपरिचित होती असे मात्र नाही. डग मॅकिलरॉय यांनी ती १९६४ सालीच मांडली होती, आणि १९७३ साली ती पाइप या नावाने युनिक्समध्ये आली. एका प्रोग्रॅमने लिहिलेले दुसऱ्याने वाचावे, दुसऱ्याचे तिसऱ्याने. पण यात प्रोग्रॅम एकामागे एक उभे राहतात. विहिरीपासून घरापर्यंत रांग करून माणसांनी हातोहात घागरी पोचवाव्यात, तशी ही रचना. शेजारी शेजारी बसवावयाचे तर रांग उपयोगाची नाही. तेथे पंगत हवी.

पंगत वाढण्यासाठी युनिक्समध्ये दोन जुनी साधने आहेत. एकाचे नाव पीआर. छापखान्यात पाठविण्यापूर्वी मजकुराची पाने पाडणे हे त्याचे मूळ काम. परंतु त्याला योग्य ती खूण दिली की तो दोनतीन फायली उभ्या रकान्यांत शेजारी शेजारी मांडतो. रकाने सारख्या रुंदीचे, पान ठाकठीक. मात्र रकान्यात न मावणारा भाग तो बेधडक कापून टाकतो. दुसरे साधन पेस्ट. ते कापाकापी करीत नाही; पहिल्या फायलीची पहिली ओळ, तिला जोडून दुसरीची पहिली ओळ, असे करीत खाली जाते. दोहोंमध्ये ते टॅबची मोकळी जागा सोडते, आणि टॅब दर आठ अक्षरांच्या टप्प्यावर थांबतो. ओळी लहानमोठ्या असल्या की दुसरा रकाना सापासारखा वळवळत खाली उतरतो. बॅशसारख्या आजच्या आज्ञापालक प्रोग्रॅमांत फायलीच्या जागी चालू प्रोग्रॅमच देता येतो. म्हणजे दोन आज्ञांची उत्तरे पेस्टच्या हाती सोपविली की ती जोडून समोर येतात. थोडक्यात काम भागते, आणि पुष्कळ वेळा एवढेच हवे असते.

पेस्ट ही पंचांगाची रीत झाली. येथे ओळ बोलते. आणि म्हणूनच तिच्यातला धोकाही ओळीचाच आहे. पंचांगकर्त्याची ओळ सूर्योदयाला बांधलेली असते. पेस्टची ओळ कशाला बांधलेली आहे? नुसत्या क्रमांकाला. पहिल्या रकान्यातील सातवी ओळ दुसऱ्यातील सातव्या ओळीच्या शेजारी बसते, मग त्यांचा संबंध असो वा नसो. एका रकान्यात मध्येच एखादी ओळ गळली की तिच्या खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकतात. पान तरीही नीटनेटकेच दिसते. शाळेतील हजेरीपटात एका मुलाचे नाव राहून जावे आणि त्यापुढील सर्वांचे गुण शेजाऱ्याच्या नावावर चढावेत, असला हा प्रकार. जॉइन नावाचे आणखी एक साधन क्रमांकाऐवजी दोन्हीकडे समान असलेल्या खुणेवरून ओळी जुळविते. त्यासाठी दोन्ही याद्या आधी अनुक्रमाने लावून घ्याव्या लागतात. ही कटकट नको म्हणून लोक पेस्टकडे वळतात, आणि कधीकाळी फसतात.

आतापर्यंतचा विचार लिहून संपलेल्या मजकुराचा झाला. खरी गंमत, आणि खरी आपत्तीही, चालू मजकुराची आहे. समजा, रात्रीची पाळी आहे. एक प्रोग्रॅम गिऱ्हाइकांच्या मागण्या स्वीकारीत आहे, दुसरा त्यांच्या नोंदी कोठारात ठेवीत आहे, आणि दोघेही आपापली रोजनिशी लिहीत आहेत. टेल या आज्ञेने रोजनिशीचा शेवट सतत पाहता येतो. नवी ओळ पडली की ती पडद्यावर येते. दोन टेल चालवून त्यांची उत्तरे पेस्टकडे दिली तर काय होईल? पेस्ट पहिल्याची एक ओळ घेईल आणि दुसऱ्याच्या ओळीची वाट पाहत बसेल. दुसरा दहा मिनिटे गप्प राहिला तर पहिल्याच्या शंभर ओळी दाराशी खोळंबतील. नंतर दुसऱ्याची एक ओळ आली की ती दहा मिनिटांपूर्वीच्या ओळीशेजारी बसेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

याहून अधिक छुपी गोष्ट साठवणीची आहे. आपण लिहिलेले टर्मिनलवर जात आहे असे दिसले, तर सी भाषेची सर्वसाधारण व्यवस्था प्रत्येक ओळ पुरी होताच ती पुढे पाठविते. तेच लिहिलेले पाइपात जात आहे असे दिसले, तर ती ओळी साठवून ठेवते आणि लिनक्सवर सामान्यतः ४०९६ बाइटांचा गठ्ठा भरल्यावरच पाठविते. यात वाईट हेतू काही नाही. टपाल्याने प्रत्येक पत्रासाठी वेगळी फेरी न घालता थैली भरल्यावर निघावे, यात काटकसर आहे. परंतु परिणाम असा होतो, की जो प्रोग्रॅम भरभर लिहितो त्याच्या ओळी जवळजवळ तत्काळ दिसतात आणि जो क्वचित लिहितो त्याच्या ओळी थैलीत पडून राहतात. आणि क्वचित लिहिणारा प्रोग्रॅम बहुधा काही बिघडले म्हणजेच लिहितो! कोठारातील बिघाडाची ओळ अशा रीतीने उशिरा येते, मागण्या नाकारल्याच्या ओळी आधी येतात, आणि रात्री अडीच वाजता जागा असलेला तरुण कार्यालाच कारण समजून भलतीकडे शोध घेऊ लागतो. एखाद्या प्रोग्रॅमला ओळीगणिक लिहावयास लावण्यासाठी स्टडबफ नावाची आज्ञा आहे. पण तिची आठवण होण्यासाठी आधी रोग ओळखावा लागतो, आणि रोग असा की पडदा पाहून तो दिसत नाही.

पाइप आणि टर्मिनल यांतील फरक प्रोग्रॅमांना इतका ठळकपणे कळतो, की काहीजण त्याप्रमाणे वेषही पालटतात. एलएस ही फायलींची यादी देणारी आज्ञा टर्मिनलवर नावे ऐसपैस अनेक रकान्यांत मांडते. तीच पाइपात गेली की एका ओळीस एक नाव देते. रंग वापरणारे पुष्कळ प्रोग्रॅम पाइपात शिरताना रंग उतरवून ठेवतात. तेव्हा त्यांना शेजारी शेजारी नांदवावयाचे तर प्रत्येकाला आपण स्वतःच्या स्वतंत्र टर्मिनलवरच लिहीत आहोत असे भासविणे भाग आहे. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमांना मल्टिप्लेक्सर म्हणतात. त्यांतील जुना स्क्रीन. तो १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोर्मान यांनी लिहिला. दुसरा, आज अधिक प्रचारात असलेला टीमक्स. त्याचा आरंभ निकोलस मॅरियट यांनी २००७ साली केला.

मल्टिप्लेक्सरची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. तो प्रत्येक प्रोग्रॅमासाठी एक खोटे टर्मिनल निर्माण करतो, आणि त्याची रुंदी-उंची विचारली असता पडद्याच्या त्या खणापुरतीच सांगतो. प्रोग्रॅम त्या मापात लिहू लागतो. त्याने लिहिलेले अक्षर न् अक्षर मल्टिप्लेक्सर स्मरणात चौकटी-चौकटींच्या जाळीवर मांडून ठेवतो, आणि सगळ्या जाळ्या जोडून खऱ्या पडद्यावर एक चित्र उमटवितो. खण लहानमोठा केला तर आतल्या प्रोग्रॅमाला तसा इशारा जातो. आणखी एक सोय अशी, की पाहणारा निघून गेला, त्याची दूरची जोडणी तुटली, बंगळूरच्या पावसाने वीज गेली, तरी दूरच्या यंत्रावर खोटी टर्मिनले जिवंतच असतात. दुसऱ्या दिवशी येऊन पाहावे तो सगळे खण जागच्या जागी.

येथे एक आडवाटेची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मराठीत काम करू पाहणाऱ्याला ती हमखास भेटते. ही सारी जाळी एक अक्षर म्हणजे एक चौकट या हिशेबावर उभी आहे. रोमन लिपीत तो हिशेब चालतो. परंतु ‘स्त्री’ हा एक शब्द घ्या. डोळ्यांना तो एक आकार दिसतो. संगणकाच्या दृष्टीने ती सहा चिन्हे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. त्याने किती चौकटी अडवाव्यात, याविषयी लिहिणारा प्रोग्रॅम, मल्टिप्लेक्सर आणि पडदा रंगविणारा प्रोग्रॅम या तिघांचे एकमत होईलच असे नाही. मत जुळले नाही की खणांमधली उभी रेघ त्या ओळीपुरती बाजूला सरकते आणि शेजारच्या खणातील अक्षरे धक्का खातात. कन्नडाचीही हीच दशा. ज्या शहरात या दोन्ही भाषा बोलणारे लोक जगाच्या प्रोग्रॅमांची देखभाल करतात, तेथे त्यांच्या स्वतःच्या अक्षरांना त्या पडद्यावर धड घर मिळू नये, ही खेदाची बाब आहे. हा दोष लिपीचा नव्हे. चौकटी आखणाऱ्यांनी या लिपीचा विचारच केला नाही, त्याचा आहे.

मल्टिप्लेक्सर ही उघडच कीर्दीची रीत. प्रत्येक खण आपापल्या गतीने खाली उतरतो, कोणी कोणासाठी खोळंबत नाही, आणि थैलीचीही अडचण बरीचशी दूर होते. परंतु आता ओळीचे नाते संपले. डाव्या खणातील सर्वांत खालची ओळ आत्ताची असेल, उजव्या खणातील खालची ओळ तासाभरापूर्वीची असेल. दोन्ही शेजारी दिसतात म्हणून समकालीन मानणे ही घोडचूक. येथे आधार एकच, तो म्हणजे प्रत्येक ओळीपुढे लिहिलेली वेळ. आणि ती तरी एकाच घड्याळाची हवी. यंत्रांची घड्याळे मागेपुढे होतात; ती परस्परांशी जुळवून घेण्याची पद्धत अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडली आणि तीच सुधारून आज सर्वत्र चालते. तरीही एका यंत्राची वेळ जागतिक आणि दुसऱ्याची भारतीय, असे असले की साडेपाच तासांची तफावत पडते. दुपारची साडेबाराची ओळ आणि संध्याकाळची सहाची ओळ या एकाच क्षणाच्या असू शकतात.

वॉच नावाची आज्ञा तिसरा मार्ग काढते. एखादा प्रोग्रॅम ती ठरावीक अंतराने, काही न सांगितल्यास दर दोन सेकंदांनी, पुन्हा पुन्हा चालविते आणि ताजे उत्तर त्याच जागी दाखविते. हे तर तंतोतंत पंचांगच झाले. दोन सेकंदांचा ठोका हा येथला सूर्योदय. आणि पंचांगातील क्षयतिथीही येथे भेटते. एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयापूर्वीच संपलेली तिथी कोणत्याही दिवसाच्या वाट्याला येत नाही. ती घडत नाही असे नव्हे; ओळीच्या मापात ती सापडत नाही, एवढेच. तद्वतच दोन ठोक्यांच्या मध्ये उसळून खाली बसलेली गोष्ट वॉच दाखवीत नाही. उलटपक्षी दोन सूर्योदयांना पुरलेली तिथी जशी दोनदा लिहिली जाते, तशी एकच स्थिती दोन ठोक्यांना दिसली की भोळा मनुष्य दोन घटना मोजतो. जुन्या ज्योतिष्यांनी क्षयतिथीचा उल्लेख पंचांगात आवर्जून केला, तिची वेळ नोंदविली. पडदे आखणारे सगळेच तेवढी दक्षता घेत नाहीत.

ठोका कोठे पडतो यालाही महत्त्व आहे. महाराष्ट्रातून नेलेली दिनदर्शिका बंगळूरच्या घरात भिंतीवर लावली, म्हणजे तिच्यातील सूर्योदय मुंबईचा असतो. बंगळूर मुंबईच्या पूर्वेस आणि दक्षिणेस. तेथे सूर्य उन्हाळ्यात आठदहा मिनिटे आणि हिवाळ्यात सुमारे अर्धा तास आधी उगवतो. एखादी षष्ठी नेमकी या मधल्या काळात संपली, तर त्या सकाळी बंगळूरच्या गणिताने षष्ठी आणि मुंबईच्या गणिताने सप्तमी. चंद्र एकच, त्याचा क्षणही एकच. ओळ मारणारे दोघे.

बंगळूरच्या उत्तरेकडील पीण्या औद्योगिक वसाहतीत हे सगळे प्रश्न एका वेगळ्याच मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळतात. १९७५ साली अंतराळात गेलेला आर्यभट्ट हा पहिला भारतीय उपग्रह याच वसाहतीतील शेडांमध्ये तयार झाला. तेथेच आज अंतराळयानांशी संपर्क राखणारे आणि त्यांना आज्ञा देणारे इस्रोचे इस्ट्रॅक हे केंद्र आहे. शहराबाहेर ब्यालाळू गावी त्याची १८ मीटर आणि ३२ मीटर व्यासाची मोठी अँटेना उभी आहेत. दूरच्या यानाकडून येणारा संदेश म्हणजे एक वेणी असते. इंधनाचा दाब, यंत्रांची उष्णता, विजेचा साठा, यानाचा कल, वेग, अशी शेकडो मापे ठरावीक क्रमाने गुंफून एकाच धारेतून पाठविली जातात. जमिनीवर ती वेणी सोडवून प्रत्येक पेड आपापल्या रकान्यात घालावा लागतो, आणि प्रत्येक मापाबरोबर यानावरील घड्याळाची वेळ ठेवावी लागते. कारण चंद्राहून निघालेला संदेश पोचण्यास सुमारे सव्वा सेकंद लागतो. ओळ कोणाच्या वेळेची, हा प्रश्न येथेही पहिलाच.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटेपूर्वी चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरक चंद्राकडे उतरू लागले, तेव्हा तेथील पडद्यावर दोन गोष्टी एकत्र दाखविल्या जात होत्या: ठरविलेला मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग. घराघरांतून ते दृश्य पाहणाऱ्या लक्षावधी लोकांना यानाचे गणित ठाऊक नव्हते. तरीही प्रत्यक्षाचा ठिपका ठरविलेल्या रेषेपासून ढळला हे त्यांना दिसले. चंद्रपृष्ठापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे ठीक होते आणि त्यानंतर संपर्क तुटला, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितले. पुढे झालेल्या चिकित्सेचा सारांश जुलै २०२३ मध्ये एस. सोमनाथ यांनी मांडला. पाचही एंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक भरला, लहान लहान चुका साचत गेल्या, त्या सावरण्यासाठी यानाला जेवढ्या वेगाने वळावयास हवे होते तेवढे वळण्याची मुभा त्याला नव्हती, आणि उतरण्याची जागाही अवघी ५०० मीटर लांबीरुंदीची ठरविलेली होती. यांतील कोणतेही एक माप सुटे पाहिले असते तर कदाचित ते वावगे वाटले नसते. वेगाचा आकडा म्हणजे नुसता आकडा; तो चुकीचा आहे हे त्या क्षणीच्या अपेक्षित आकड्याशेजारी ठेवल्यावर कळते.

चांद्रयान-३ साठी उतरण्याचा पट्टा ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद असा मोठा केला गेला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून उतरण्यास आरंभ झाला. पडद्यावर उंची, आडवा वेग आणि उभा वेग हे तीन आकडे शेजारी शेजारी सरकत होते. पहिल्या ६९० सेकंदांच्या टप्प्यात दर सेकंदास सुमारे १६८० मीटरचा वेग साडेतीनशे मीटरांच्या आसपास आला. उतरणे सर्वस्वी यानाच्या स्वतःच्या निर्णयाने चालले होते. पीण्यात बसलेल्यांच्या हाती पाहण्यापलीकडे काही नव्हते. आडवा वेग शून्याकडे आला, उंची कमी कमी होत गेली, आणि सहा वाजून चार मिनिटांच्या सुमारास यान टेकले.

त्या दिवशी पंचांगाच्या ओळीत निज श्रावण शुद्ध सप्तमी होती. यानाच्या जागी नुकताच सूर्य उगवला होता, आणि तसा तो उगवलेला असावा म्हणूनच तो दिवस निवडलेला होता. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या त्या यानाला पृथ्वीवरील सुमारे १४ दिवसांचे काम नेमून दिलेले होते. ४ सप्टेंबरला, श्रावण वद्य पंचमीस, त्याला निद्रिस्त करण्यात आले. २२ सप्टेंबरला त्या जागी पुन्हा ऊन पडले असता त्याच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला. उत्तर आले नाही. पंचांगाच्या त्या दिवसाच्या ओळीतही शुद्ध सप्तमीच होती, भाद्रपदातली.